आतलं दार

शाळा एक वाजता सुटायची. घरी येऊन ताई दप्तर ठेवायची, बाबांनी कामावर जाण्याआधी शिजवलेला मऊ भात पुन्हा कुकरमध्ये घालून दोन शिट्ट्या काढायची, आणि डबा चटका बसेल इतका गरम असतानाच फडक्यात गुंडाळून बस गाठायची. डबा वाटेत उघडायचा नाही, कोणाला धरायला द्यायचा नाही. पंचवीस दिवस हे असंच चाललं होतं, आणि आता तिचे हात हे सगळं झोपेतही करू शकले असते.

तिला ताई म्हणणारं जगात एकच माणूस होतं. ते सहा वर्षांचं होतं, त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि ते दवाखान्याच्या पाचव्या मजल्यावर एका काचेच्या दाराआड पडून होतं. ही तिची धाकटी बहीण एका जागी म्हणून कधी थांबायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आता ती थांबली होती. नाव तेवढं चिकटून राहिलं होतं.

भिंगरीला रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांनी तो एकदा गेला आणि वर्षभराने परत आला. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथलं सगळं औषधांनी जाळून काढायचं आणि दुसऱ्या कोणाच्या पेशींचं बी तिथे पेरायचं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आईचं जुळलं नाही, बाबांचं जुळलं नाही. ताईचं तंतोतंत जुळलं. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हटलेलं ज्या मुलीचं बाईंना ऐकू जात नसे, तिच्या अंगातलं बी पिशवीत भरून तिच्या बहिणीला चढवलं.

“म्हणजे आता मीपण गणितात ढ होणार?” भिंगरीने तेव्हा विचारलं होतं.

“होणारच.”

“आणि मीपण कोणाशी बोलणार नाही?”

“तू गप्प बसलीस तर डॉक्टर घाबरून पुन्हा तपासणी करतील.”

भिंगरी हसली होती. तोंड आतून सोललेलं असल्यामुळे हसताना तिला ओठ हाताने धरावे लागले होते.

त्या मजल्यावर अशा चार खोल्या होत्या. प्रत्येक खोलीला दोन दारं. बाहेरचं दार उघडून आधी एका चिंचोळ्या जागेत यायचं. तिथे हात धुवायचे, टोपी, मास्क आणि पायघोळ झगा घालायचा. मग आतलं दार. ते बाहेरून उघडत नसे. सिस्टर आणि डॉक्टर यांच्याकडे कार्डं होती. नातेवाइकांसाठी मात्र खोलीत बसलेल्या माणसाने भिंतीवरची कळ दाबायची. त्याआधी बाहेरच्याने धुतलेले हात काचेपुढे वर धरायचे, आतल्याने ‘कोण?’ म्हणून विचारायचं, बाहेरच्याने सांगायचं. हा नियम सिस्टरने घालून दिला होता.

“टोपी-मास्क घातला की तुझी आई आणि माझी सासू सारखीच दिसते,” ती म्हणाली होती. “विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. मागे तीन नंबरमध्ये कोणाचा तरी काका विचारपूस करायला म्हणून आत शिरला. सर्दी झालेली होती त्याला.”

पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही. तीन नंबर रिकामीच होती.

दुपारी दोन ते पाच ताईची पाळी. तेवढ्या वेळात आई घरी जाऊन अंघोळ करायची, तासभर आडवी व्हायची. त्या तीन तासांत ताईला एकाच गोष्टीची धास्ती असे. एखाद्या मोठ्या माणसाला तोंडावर ‘कोण तुम्ही?’ असं विचारायची वेळ आली तर?

बी चढवल्यापासून पंचविसाव्या दिवशी ती वेळ आली.

अडीच वाजले असतील. खोलीची खिडकी कधीच उघडत नसे. तिच्या धुरकट काचेतून दुपारचं पांढरं ऊन सगळीकडे सारखंच पसरलं होतं, कुठे सावली म्हणून नव्हती. छतातून गाळलेली हवा एकसारखी घुमत खाली येत होती. भिंगरी डोळे मिटून पडली होती. काचेवर टकटक झाली म्हणून ताईने वर पाहिलं. बाहेर टोपी, मास्क आणि झगा घातलेली एक बाई उभी होती. दोन्ही ओले तळवे तिने काचेपुढे धरले होते.

ताईने तोंड उघडलं. व्यायाम शिकवायला कोणी बाई येणार आहेत असं आई म्हणाली होती. त्याच असतील. उगाच विचारलं तर त्यांना काय वाटेल…

तिने कळ दाबली.

बाई आत आली. काही न बोलता पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसली. ना तिने व्यायाम घेतला, ना नाडी पाहिली. ताई मान खाली घालून डब्याचं फडकं सोडत राहिली. त्या खोलीत कशालाच वास नसे, साबणालासुद्धा नसे. पण त्या दिवशी ताईला वास आला. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला येतो तसा, आंबूस दुधाचा. तिने मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं. भिंगरी झोपेत स्वस्थ होती, दोन दिवसांत प्रथमच.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आईला आणि ताईला बाहेरच्या बाकावर बोलावलं.

“रक्तात एक विषाणू सापडलाय,” त्या म्हणाल्या. “नवा नाही. हा कितीतरी माणसांच्या अंगात असतो. लहानपणी शिरतो आणि मग एका कोपऱ्यात झोपून राहतो. आपल्या पेशी त्याला ओळखतात, त्याला डोकं वर काढू देत नाहीत. भिंगरीच्या त्या जुन्या पेशी आपणच जाळल्या. आता पहाऱ्याला आहेत त्या हिच्या.” त्यांनी ताईकडे पाहिलं. “आणि हिला हा विषाणू कधी झालेलाच नाही. त्यामुळे हिच्या पेशींना तो कोण तेच माहीत नाही. समोरून गेला तरी त्या त्याला हटकत नाहीत.”

“शिकतील की,” आई म्हणाली. “हुशार आहे ती. बोलत नाही एवढंच.”

“शिकतात. पण त्याला महिने लागतात. औषध चालू केलंय, पण ते औषध विषाणूबरोबर नव्या पेशींनाही दाबतं. तारेवरची कसरत आहे.”

“पण हा तिच्यात आला कुठून? आम्ही तर इतकं जपलं…”

“नक्की नाही सांगता येणार. कदाचित दुधातून. अगदी तान्ही असताना. आणि हे बघा, यात तुमची काहीही चूक नाही. कितीतरी आयांच्या…”

पुढचं आईला ऐकू आलं नसावं. ताईच्या जन्मानंतर आई दोन महिने अंथरुणाला खिळली होती, म्हणून ताई वरच्या दुधावर वाढली. भिंगरीला मात्र आईने दोन वर्षं अंगावर पाजलं. ‘एकीचं राहिलं ते दुसरीला दिलं,’ असं ती नात्यात कौतुकाने सांगायची. त्या दिवसापासून भिंगरीला जवळ घेताना आईचे हात आधी क्षणभर थबकायचे, तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तसे.

बाई पुन्हा आली. अडीच वाजता, तसेच ओले तळवे वर धरून. एकदा दार उघडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कसं विचारणार? ताईने कळ दाबली. तिसऱ्या दिवशीही दाबली. बाई बसायची, भिंगरीकडे बघायची. स्टूल मात्र रोज थोडं पुढे यायचं. पायथ्यापाशी होतं ते आता भिंगरीच्या गुडघ्यापाशी आलं होतं.

“या बाई कोण गं?” बाई गेल्यावर ताईने हळूच विचारलं. भिंगरीला विचारायला तिला लाज वाटत नसे.

“कोणत्या?”

“आत्ता बसल्या होत्या त्या.”

“ती होय?” भिंगरीने कूस बदलली. “ती आपलीच आहे.”

“आपली म्हणजे?”

“म्हणजे माझी. मी इतकुशी होते ना, तेव्हापासून आहे. आधी झोपलेली असायची. आता झोपत नाही.” मग तिने डोळे मिटले. “तू वेडी आहेस का गं ताई? तूच तर तिला आत घेतेस.”

पाच वाजता आई आल्यावर ती तशीच सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“बोल की,” सिस्टर म्हणाली. “का तेही मीच बोलू?”

“दुपारी अडीचला… कोण बाई येतात?”

“कोणी नाही. त्या वेळी मी इथेच बसलेली असते. बाहेरचं दार उघडलं की हा दिवा लागतो.” तिने टेबलावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. “तो नाही लागत. आतल्या दाराचा मात्र रोज लागतो. तू उघडतेस आणि बंद करतेस. म्हटलं, पोरीचा जीव कोंडत असेल. पण उगाच उघडत जाऊ नकोस गं ते.”

म्हणजे ती बाई बाहेरून येत नव्हती. दोन दारांच्या मधल्या त्या हातभर जागेतूनच ती येत होती.

ताईने ते आईला सांगितलं का? नाही. आई तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून कागदावरचा आकडा वाचत होती. विषाणूचा आकडा दर दोन दिवसांनी येई. पहिल्यांदा तो तीन अंकी होता, मग चार अंकी झाला. त्या दिवशी पाच अंकी होता. पांढऱ्या पेशींचा आकडा वर चढला होता तेवढाच उतरला होता. “काय गं? चेहरा का असा?” आईने विचारलं. “काही नाही,” ताई म्हणाली. तिचं हे ठरलेलं उत्तर होतं, आणि आई ते नेहमी खरं मानायची.

तेहतिसाव्या दिवशी मात्र ताईने मनाशी पक्कं केलं. बसमध्ये ती ओठांतल्या ओठांत एकच शब्द घोकत राहिली. शेजारच्या आजींना वाटलं पोरगी परीक्षेला निघाली आहे. “येईल हो सगळं,” त्या म्हणाल्या.

अडीच वाजले. टकटक झाली. काचेपुढे ओले तळवे.

ताई उठली. ती काचेच्या इतकी जवळ गेली की तिच्या मास्कमधल्या श्वासाने काच धुरकट झाली. आज प्रथमच तिने त्या बाईच्या डोळ्यांत नीट पाहिलं. डोळे आईचे होते. आताच्या आईचे नाहीत. घरच्या फोटोत तान्ह्या भिंगरीला मांडीवर घेऊन बसलेली आई आहे ना, तिचे. जागरण नसलेले, भरलेले, प्रेमळ डोळे.

“कोण?” ताई म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. छतातली घुमघुम थांबल्यासारखी झाली. बाईने मान जराशी तिरकी केली, आणि अगदी हळू, झोपलेलं मूल उठू नये अशा आवाजात म्हणाली,

“मी इथलीच… तू कोण?”

मी ताई, असं तिला म्हणायचं होतं. मी तिची बहीण. पण ते डोळे तिच्याकडे असे बघत होते, जसं घरातलं माणूस नव्याने आलेल्या पाहुण्याकडे बघतं; रागाने नाही, नुसतं कुतूहलाने. भिंगरीच्या अंगात आधी कोण होतं आणि नंतर कोण आलं? ताईच्या पेशींना तिथे येऊन पुरता सव्वा महिनाही झाला नव्हता.

तिने कळ दाबली नाही. एवढं एक तिने केलं.

“ताई, उघड ना,” मागून भिंगरी कण्हली. “ती किती वेळ उभी आहे…”

ताईने एक क्षण मागे वळून पाहिलं. पुन्हा काचेकडे वळली तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. काचेवर दोन पंजे तेवढे उमटले होते, पाण्याचे ओघळ खाली येत होते. तिने अंगातला झगा हातावर ओढून ते पुसायला घेतले.

ते पुसले गेले. ठसे आतल्या बाजूने होते.

त्या संध्याकाळी भिंगरीला दम लागला. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पिंजलेल्या कापसासारखी दिसत होती. आधी नाकात प्राणवायूची नळी आली, मग तिच्या जागी तोंडभर मास्क. औषध बदललं, दुसरं बदललं. आकड्याला आता सहा अंक झाले होते, आणि डॉक्टरीणबाई तो मोठ्याने वाचत नव्हत्या, कागदच पुढे करत होत्या.

“एक उपाय राहिलाय,” अडतिसाव्या दिवशी त्या म्हणाल्या. “ताईच्या पेशी पुन्हा द्यायच्या. या वेळी लढणाऱ्या, थेट. तयार होण्याची वाट बघायला वेळ नाही. उपयोग होईलच असं मी म्हणणार नाही. तुम्ही मला आकडा विचारू नका.”

बाबांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. आईने ताईचा हात हातात घेतला. अकरा दिवसांत प्रथमच आईचा हात थबकला नाही. “देईल ती,” आई म्हणाली. “देशील ना गं?”

ताईने मान डोलावली.

रक्तपेढी तळमजल्यावर होती. तिथला माणूस गोल चेहऱ्याचा, गप्पिष्ट. त्याने ताईच्या एका हातातून नळी यंत्रात नेली आणि यंत्रातून दुसऱ्या हातात आणली. “घाबरायचं नाही. डासापेक्षा बरा आहे मी. घेतलेलं परत देतो, फक्त पांढऱ्या पेशी तेवढ्या ठेवून घेतो.” ताईने हसण्याचा प्रयत्न केला. यंत्र संथपणे फिरत होतं. वर टांगलेल्या पिशवीत फिकट, धुकट असं काहीतरी थेंबाथेंबाने साचत होतं.

अर्धी पिशवी भरली आणि यंत्र टीं टीं वाजू लागलं. माणूस आकड्यांकडे बघत, मान वर न करता म्हणाला,

“बाई, हात दाबून धरू नका हो तिचा. रक्त अडतंय.”

आई वर होती. बाबा वर होते. ताई त्या खोलीत एकटीच होती.

यंत्र वाजायचं थांबलं. “हां, आता कसं,” माणूस म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला. ताईने आपल्या दंडाकडे पाहिलं. कातडीवर चार बोटांच्या पांढऱ्या खुणा होत्या. ती बघत असतानाच त्यांत हळूहळू रक्त परत आलं. नाकाशी तोच वास होता. आंबूस, उबदार.

बाई आता या पिशवीतूनच आत जाईल; ती वर जाऊ देऊ नये, असं ताईला वाटलं. ओरडून सांगावं. पण काय सांगायचं? आणि पिशवी गेली नाही तर भिंगरीला काय उरतं? या एका पिशवीशिवाय कोणाकडे काहीही उरलं नव्हतं. माणसाने पिशवीवर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर ताईचंच नाव होतं. “काही होतंय का गं? चक्कर?” त्याने विचारलं.

“काही नाही,” ताई म्हणाली.

चार वाजता पिशवी भिंगरीच्या उशाशी टांगली गेली. सिस्टरने नळी जोडली, थेंब मोजले, ताईच्या खांद्यावर थोपटलं आणि ती दोन्ही दारं ओलांडून बाहेर गेली. आई-बाबा बाहेरच्या काचेला चिकटून उभे होते. आत एका वेळी एकच, आणि भिंगरीने ताईचा हात मागितला होता.

त्या हातात आता काहीच वजन नव्हतं. मास्कच्या आत श्वासाची वाफ उमटत होती आणि विरत होती. दर वेळी उमटायला थोडा उशीर लागायचा. थेंब पडत होते.

“ताई…”

“बोलू नकोस. मी आहे.”

“दोघी या ना… जागा आहे.”

आणि सकाळपासून जिला मानसुद्धा हलवता आली नव्हती, ती भिंगरी कोपरावर जोर देऊन, धापा टाकत, कण्हत, बोटबोट करत भिंतीकडे सरकली. पलंगाची अर्धी बाजू तिने रिकामी केली. ताई जागची हलली नाही. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते, दोन्ही हात तिला दिसत होते.

रिकाम्या बाजूची गादी हळूहळू खाली दबली. चादरीला घड्या पडल्या. कोणीतरी शेजारी आडवं होऊन मुलाला कुशीत ओढून घ्यावं तसं भिंगरीचं डोकं उशीवरून घसरलं आणि हवेतच, काहीतरी मऊ टेकायला मिळाल्यासारखं, थांबलं. तिच्या कपाळावरची आठी गेली.

पिशवीत अजून चारातले तीन हिस्से बाकी होते. नळीवरचं चाक ताईच्या हाताच्या अंतरावर होतं. एका बोटाने फिरवलं असतं तर थेंब थांबले असते.

भिंतीवरच्या इंटरकॉमच्या डब्यातून सिस्टरचा आवाज आला. “काय गं, सगळं ठीक ना? चालू ठेवू?”

बाहेरच्या काचेपलीकडे आईने हात जोडले होते. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

उशीपाशी भिंगरीच्या ओठांची हालचाल सुरू झाली होती. सहा वर्षांची मुलगी, पण ओठ तान्ह्या बाळासारखे चुटूचुटू हलत होते. दूध पीत असल्यासारखे.